वरून चार फूट मोकळं

कसबा बावडा, कोल्हापूर
४ नोव्हेंबर १९९८

ति. आण्णा यांना,
प्रभूमध्ये सलाम.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला तीन महिने लागले. कारण वेळ नव्हता. आज वेळ आहे, कारण मी पडले.

मोठं काही नाही. परवा ऑफिसचा जिना चढताना सातव्या पायरीवर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी आवक रजिस्टर घेऊन तिथंच खाली बसले. आमच्या शिपाई विठाबाईनं तोंडावर पाणी मारलं, ते रजिस्टरवर पडलं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला. एकशे नव्वद. यंत्र बिघडलंय का बघायला त्यांनी स्वतःचाही मोजला. यंत्र चांगलं होतं. "बाई, असंच पळत राहिलात तर एक दिवस एक बाजू जाईल," म्हणाले.

बाजू जाणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. शेजारच्या चन्नम्माचा नवरा रुद्रय्या तीन वर्षं तसाच अंथरुणाला आहे. आणि आपली आई बावन्नाव्या वर्षी गेली ती चहाचा कप हातात घेऊन, 'डबा भरला का' असं विचारता विचारता. मला जानेवारीत पन्नास पूर्ण होतील. आण्णा, मला भीती वाटते. हे मी ह्यांना बोललेले नाही.

एवढं पळायला आहे काय, असं तुम्ही विचाराल. साडेचारला उठते. पाच ते साडेसहा नळाला पाणी. आठ घरांना एक नळ, त्यातली चाळीस मिनिटं चन्नम्मा खाते. घागर, कळशी, दोन बादल्या, तांब्या, आणि शेवटी वाटीसुद्धा लावत असावी असा मला संशय आहे. मग चार डबे: ह्यांचा प्रेसचा, अतुलचा, शिवानीचा आणि माझा. मग सव्वानऊची बस. प्रार्थना बसमध्ये करते. दसरा चौकापर्यंत आमेन होतं. उभं राहावं लागलं तर होत नाही.

काय करू ते कळवा. गोळ्या सुरू आहेत.

तुमची
सुगंधा


शाहूवाडी
१० नोव्हेंबर १९९८

चि. सुगंधा हिला,
अनेक आशीर्वाद.

पडलीस हे वाचून वाईट वाटलं. रजिस्टर वाळलं का ते लिहिलं नाहीस.

गोळ्या घे, त्या घ्यायच्याच आहेत. पण नुसत्या गोळ्यांनी तुझं भागणार नाही. तू सकाळी डोळे उघडतेस ते नळावर. मधे देव येतच नाही. उद्यापासून नळाच्या आधी वीस मिनिटं बस. डोक्यावर पदर घे, अगोदर गप्प बस, मग प्रभूशी बोल. हातात पळी नको, कळशी नको, घड्याळाकडं बघणं नको. दिवस आपण दावं धरून ओढायचा नसतो, तो त्याच्या हातून घ्यायचा असतो. मीही इथं रोज पहाटे तेच करतो.

आणि मोठ्यानं बोल. लहानपणी मनातल्या मनात प्रार्थना करताना तू घोरायचीस. बाबा 'आमेन' म्हणाले की दचकून 'हजर' म्हणायचीस. मी पस्तीस वर्षं पाळक होतो, पण माझ्या मंडळीत प्रार्थनेला अशी हजेरी कुणी दिली नाही.

आईसारखं होईल असं मनात आलं, तर तेही त्यालाच सांग. माझ्यापेक्षा तो जवळ राहतो.

तुझा
आण्णा


कसबा बावडा
२४ नोव्हेंबर १९९८

ति. आण्णा यांना,
प्रभूमध्ये सलाम.

रजिस्टर वाळलं, पण फुगलं आहे. कपाटात मावत नाही.

तुमच्या सूचनेची अंमलबजावणी सोमवार, दि. १६ पासून सुरू केली आहे. पहिल्या दिवशी एवढ्या गोष्टी तोंडाशी आल्या की कुठली आधी सांगावी कळेना. म्हणून एक दोनशे पानी वही केली. डावीकडं जावक, म्हणजे मी पाठवलेल्या विनंत्या. उजवीकडं आवक, म्हणजे आलेली उत्तरं. दोन्हींना क्रमांक आणि तारीख. आजअखेर जावक सतरा, आवक तीन. आमच्या ऑफिसपेक्षा हे प्रमाण बरं आहे.

जावक क्रमांक तीनची हकीकत कळवते. "हे प्रभू, शेजारच्या चन्नम्माला सद्बुद्धी दे आणि तिला नळावरून लवकर उठव." ही विनंती सोमवारी केली. मंगळवारी आणि बुधवारी स्मरणपत्र दिलं. तुम्ही सांगितलं तसं मोठ्यानं, शब्द स्पष्ट. गुरुवारी नळावर गेले तर चन्नम्मा बाजूला उभी, आणि रांगेतली माझी घागर काठोकाठ भरलेली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं आणि काही न बोलता ती घरात गेली. बोलण्यात जिचा हात कुणी धरत नाही ती बाई काही न बोलता घरात जाते, हे माणसाचं काम नाही. आवकेत नोंद केली.

रक्तदाब एकशे ऐंशी. म्हणजे दहा कमी.

तुमची
सुगंधा


शाहूवाडी
१ डिसेंबर १९९८

चि. सुगंधा हिला,
अनेक आशीर्वाद.

प्रभूच्या मागं लकडा लावणारी माणसं मी पुष्कळ बघितली. क्रमांक घालणारी तू पहिलीच.

वही बंद कर म्हणणार होतो, पण तू माझं कधी ऐकलं आहेस. एवढंच विचारतो, त्या वीस मिनिटांत तू गप्प किती वेळ बसतेस? मी आधी गप्प बस असं लिहिलं होतं. तू थेट दप्तर उघडून बसलेली दिसतेस. पळणं तेच आहे, फक्त आता बसून पळतेस.

आणखी एक. तुमच्या आणि चन्नम्माच्या घरामधली भिंत किती उंच आहे?

भात घरात आलं. नाताळला तुमच्याकडं येतो.

तुझा
आण्णा


कसबा बावडा
१५ डिसेंबर १९९८

ति. आण्णा यांना,
प्रभूमध्ये सलाम.

तुम्ही नाताळला येणार हे वाचून सगळ्यांना आनंद झाला. हेसुद्धा "बरं" म्हणाले.

गप्प बसण्याबद्दल. सुरुवातीला जमेना. डोळे मिटले की पोळ्या दिसायच्या. पण गेल्या बुधवारी पाच मिनिटं बसले आणि खरंच काही आठवलं नाही. नळ नाही, डबा नाही, आई नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला. ते घड्याळ एकोणीस वर्षं आमच्या घरात आहे आणि त्याला आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. छातीवरचं काहीतरी उतरून ठेवल्यासारखं वाटलं. त्या दिवशी बस चुकली आणि मी रडले नाही. याला क्रमांक कुठला द्यावा ते कळेना, म्हणून वहीत लिहिलं नाही.

बाकी आवक भरपूर आहे. जावक बावीस: रॉकेल संपलं, रेशनला अजून आठवडा आहे. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी रॉकेलची भरलेली बाटली. मी ह्यांना विचारलं, तुम्ही आणली का. "नाही." मग देवदूतानं ठेवली असेल, मी म्हटलं. "बूच आपलं नाही," एवढं बोलून प्रेसला गेले. जावक सव्वीस: शिवानीचा खोकला जात नाही. संध्याकाळी उंबऱ्याशी अडुळशाचा काढा, गरम.

जावक एकतीस मी खूप दिवस पाठवत नव्हते. शेवटी पाठवली. "आईसारखं मला अर्ध्या कामातून उचलू नको. पोरं अजून लहान आहेत." त्याला अजून उत्तर नाही. मात्र त्याच सकाळी नळावर चन्नम्मानं माझ्या हातातली घागर काढून घेतली आणि स्वतः माझ्या दारात आणून ठेवली.

भिंतीची काळजी करू नका. ती आढ्यापर्यंत गेलेली नाही हे खरं. ओळीतल्या सगळ्या घरांवर एकच कौलारू छप्पर आहे आणि मधल्या भिंती वरून चार फूट मोकळ्या आहेत. पण तुम्हाला गारठा लागणार नाही. दोन वाकळी उन्हात घालून ठेवल्या आहेत. कानटोपी तेवढी तुमची आणा.

रक्तदाब एकशे साठ.

तुमची
सुगंधा


शाहूवाडी
१९ डिसेंबर १९९८

चि. सुगंधा हिला,
अनेक आशीर्वाद.

वाकळींबद्दल आभार. कानटोपी आणतो.

आता तुझंच वाक्य पुन्हा वाच. 'मधल्या भिंती वरून चार फूट मोकळ्या आहेत.' मी गारठ्यासाठी विचारलं नव्हतं.

तुझा
आण्णा


कसबा बावडा
२२ डिसेंबर १९९८

ति. आण्णा यांना,
सलाम.

वाचलं. दोनदा वाचलं, मग ह्यांना वाचायला दिलं. हे म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत आहे."

चन्नम्माची फोडणी आम्हाला ऐकू येते. तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजावरून त्यांच्याकडं पाहुणे आलेत का ते मी सांगू शकते. मग माझा आवाज तिकडं जाणार नाही असं मला का वाटलं? देवाशी बोलताना भिंतीचा विचार कोण करतं, आण्णा?

वही तपासली. चन्नम्माचा उल्लेख अकरा वेळा. सद्बुद्धी नऊ वेळा. वाटीचा संशय एकदा. आणि एकदा मी प्रभूला सांगितलं आहे की ती मनानं वाईट नाही, फक्त तिला शेजारधर्म शिकवायला कुणी भेटलं नाही. हे सगळं तिनं अंथरुणात पडून ऐकलं. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

आणि दुसरं असं की देवानं काही दिलंच नव्हतं. रॉकेल चन्नम्माच्या वाट्याचं होतं. काढाही तिचाच. आवकेतल्या सगळ्या नोंदी मी लाल शाईनं रद्द केल्या आहेत.

उद्यापासून प्रार्थना बसमध्ये. तुम्ही नाताळला या, पण तो विषय काढू नका आणि वर भिंतीकडं बघू नका.

तुमची
सुगंधा


कसबा बावडा
९ फेब्रुवारी १९९९

सुगंधाताईच्या आण्णास्नी चन्नम्माचा नमस्कार.

(मी सौंदर्या, इयत्ता दहावी. आई सांगते तसंच लिहायचं अशी तिची अट आहे. शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही.)

नाताळात तुमी आलतासा तवा दारात वळख झाली, म्हणून लिवतो. पत्ता तुमच्या पत्रांवरचा हाय. ताई हापिसात असली की पोस्टमन तुमची पत्रं आमच्यात टाकतोय. वाचली न्हाईत. चिकटवलेली असत्यात.

ताई गेल्या बुधवारी नळावर पडली. भिऊ नका, बरी हाय. दाब दोनशेच्या वर गेलता. दोन रोज दवाखान्यात ठेवलीती. डाक्टर म्हणला, थोडक्यात वाचली, बाजू गेली न्हाई. तिनं तुमास्नी कळीवलं नसंल. ती कळवत न्हाई, निस्ती पळती.

आता खरं सांगतो. ताई पाटंचं देवासंगं बोलायची ते भित्तीवरनं समदं आमच्यात ऐकू यायचं. पैल्या दिशी माजं नाव ऐकलं आनि उठून बसलो. म्हटलं, कोण हाक मारतंय. तर म्हणती, चन्नम्माला सद्बुद्धी दे. लई राग आला. तांब्या घेतलता की हातात, भित्तीवरनं टाकायला. तर आमच्या मालकांनी डाव्या हातानं माजा पदर धरला. उजवी बाजू गेलीया त्येंची, वाचाबी गेलीया. बघतोय तर हसत हुतं. तीन वर्सांत पैल्यांदा हसलं. मग तांब्या ठेवला.

मग रोज ऐकायचं. पावणेपाच वाजलं की मालक डोळं उघडून भित्तीकडं बघायचं. मी नळावर वेळ लावतो हे खरंच हाय. मालकांचं आंथरूण, कपडं रोज धुवाय लागत्यात, उजाडायच्या आत. ते काय चारचौघांत सांगायचं व्हय? पर ताईनं मागितलं म्हणून तिची घागर आदी भरली.

आमचा द्येव आमचा, तुमचा तुमचा. मी इबूत लावतो, लिंगपूजा करतो, ते काय सुटायचं न्हाई. पर आण्णा, ह्या तीन वर्सांत देवाम्होरं माजं नाव कुणी घेतलं न्हवतं. मीबी न्हाई. मी मालकांचंच मागतो. ही बया रोज सकाळी माजं नाव घ्यायची. बुद्दीसाठी का हुईना, पर घ्यायची.

नाताळापास्नं समदं बंद. निस्ती भांडी आपटत्यात. मालक भित्तीकडं बघून बघून डोळं मिटत्यात. तिला म्हणावं, सुरू कर. मला सांगता येत न्हाई. सांगितलं तर मी ऐकत हुतो ते तिला कळंल.

रॉकेलची बाटली तिच्याकडंच हाय. ऱ्हाऊ दे.

चन्नम्मा


शाहूवाडी
१५ फेब्रुवारी १९९९

चि. सुगंधा हिला,
अनेक आशीर्वाद.

तू पडलीस ते मला परक्या माणसाकडून कळलं. त्याबद्दल मी रागावलो आहे, ते भेटल्यावर बोलेन.

सोबत एक पत्र आहे. आवक नोंद करून घे. तुला दाखवू नका असं चन्नम्मानं लिहिलेलं नाही. आपण ऐकत होतो हे तुला कळेल, एवढीच तिला भीती. ते तुला डिसेंबरापासून कळलेलं आहे. दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना लाजत बसला आहात.

आता माझं. मीही रोज पहाटे तेच करतो, असं मी नोव्हेंबरात तुला लिहिलं. ते खोटं होतं. पस्तीस वर्षं मंडळीपुढं मोठ्यानं प्रार्थना केली. तुझी वहिनी गेल्यापासून मी उठतो तो थेट कोंबड्या सोडायला जातो. मग म्हैस, मग शेत. घरात ऐकणारं कुणी नाही, म्हणून तोंडच उघडत नव्हतो. देव ऐकतो हे लोकांना शिकवून मी निवृत्त झालो, आणि माझ्या स्वतःच्या घरात मला तो पुरेना. चन्नम्माचं पत्र आल्यापासून चार दिवस बसतो आहे. कोंबड्या ओरडतात. ओरडू देत.

देवानं काही दिलंच नव्हतं, सगळं चन्नम्माचं होतं, असं तू लिहिलंस. सुगंधा, तू आवक विभागात तीस वर्षं काढलीस. टपाल शिपायानं आणून दिलं म्हणून ते शिपायाचं असतं का?

लाल शाई खोडून टाक.

तुझा
आण्णा


कसबा बावडा
१ मार्च १९९९

ति. आण्णा यांना,
प्रभूमध्ये सलाम.

तुमचं पत्र सोबतच्या पत्रासह मिळालं. सोबतचं पाच वेळा वाचलं. एकोणीस वर्षं मी त्या बाईच्या शेजारी राहते. तिच्या घरात भाकरी किती झाल्या ते मला कळायचं, आणि धुणं का एवढं ते कळलं नाही. मी वाट्या मोजत होते. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

मी महिनाभर रजेवर आहे. नळ ह्यांनी घेतला. ह्यांना घागर उचलता येते हे लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर कळलं. डबे शिवानी आणि अतुल भरतात. भाजीत मीठ नसतं, पण ते डॉक्टरांना चालतं.

गेल्या सोमवारी पावणेपाचला पदर घेऊन बसले. वही घेतली नाही. गप्प बसले, घड्याळ ऐकलं. पलीकडंही काही वाजत नव्हतं. भांडं नाही, खोकला नाही. दोन माणसं श्वास धरून ऐकत आहेत हे मला भिंतीच्या अलीकडून समजत होतं. शेवटी म्हटलं, "प्रभू, सद्बुद्धी मला दे. चन्नम्माकडं आहे." त्यापुढं रडूच आलं. मग रुद्रय्यांचं नाव घेतलं. मग सांगितलं की नळाचा पहिला अर्धा तास चन्नम्माला राहू दे, माझी त्याला हरकत नाही.

तेव्हा भिंतीवरून आवाज आला. "ताई, बुद्दीचं ऱ्हाऊ दे की आता. गुडघं लई धरल्यात, तेवढं सांग."

मी सांगितलं. दोन्ही गुडघ्यांचं सांगितलं, कुठला ते तिनं म्हटलं नव्हतं.

आणि मी आमेन म्हणणार तोच पलीकडून "आ" असं आलं. जाड, ओढत ओढत. तो चन्नम्माचा आवाज नव्हता. रुद्रय्यांना तेवढंच जमलं. "मेन" तिनं पुरं केलं.

आता रोज तसंच होतं. मी बोलून झाले की थांबते. ते "आ" म्हणतात, ती "मेन" म्हणते. कधी कधी त्यांना फार वेळ लागतो. बाहेर नळाला पाणी आलेलं ऐकू येतं, हे घागर घेऊन दारात उभे असतात, पण कुणी हलत नाही.

रॉकेलची बाटली भरून परत केली. बूच तिचंच आहे.

तुमची
सुगंधा

ता. क. काल डॉक्टरांकडं गेले होते. रक्तदाब एकशे अडतीस. यंत्र बिघडलंय का बघायला त्यांनी पुन्हा स्वतःचा मोजला. त्यांचा माझ्यापेक्षा जास्त निघाला. उद्यापासून त्यांचंही नाव घेते.